नापास होण्याची ऐपत

मार्च आला की आमच्या दवाखान्यात डोकी दुखायला लागतात. मी मुलुंडमध्ये एका नेत्रतज्ज्ञ बाईंकडे डोळ्यांचे नंबर तपासते. एरवी आमच्याकडे येणारी माणसं पन्नाशीच्या पुढची, मोतीबिंदूची, पेपर लांब धरून वाचणारी. पण होळीच्या आसपास बाहेरच्या बाकांवर शाळेचे युनिफॉर्म दिसू लागतात. "अभ्यासाला बसली की डोकं धरते हो," आई सांगते.  मी मुलीला खुर्चीवर बसवते, एक डोळा झाकते, समोरची अक्षरं वाच म्हणते. ती अगदी खालची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचून दाखवते. डोळे ठणठणीत. "काही नंबर नाहीये," मी सांगते, आणि आईचा चेहरा उतरतो. नंबर निघाला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत असतं. नंबरला चष्मा करता येतो. भीतीला काय करणार?

या दिवसांत मुलुंडच्या गल्ल्यांमध्ये बदामाची लाल पानं पडलेली असतात, सफाईवाल्या बाया ती सकाळी ढीग करून ठेवतात आणि दहा वाजता शाळेच्या फाटकाकडे निघालेली पोरं तो ढीग तुडवत जातात. प्रत्येकाच्या हातात आरपार दिसणारी प्लास्टिकची पिशवी, आत पेनं आणि पट्टी. त्यांच्याबरोबर कुणीतरी मोठं माणूस असतं, पाण्याची बाटली धरून. मी कामावर जाताना त्यांच्या मधून जाते आणि माझ्या पोटात तो जुना गोळा उठतो. माझी दहावी होऊन किती वर्षं झाली, पण पोटाला कॅलेंडर कळत नाही.

आम्ही तेव्हा भांडुपला राहायचो, पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनला लागून. पत्ता विचारला तर "पाइपलाइनवर" असंच सांगायचो. पाइपावर सगळ्या वस्तीचे कपडे वाळायचे, पापड वाळायचे, म्हातारी माणसं ऊन खात बसायची. माझा अभ्यासही तिथेच व्हायचा, कारण घरात एकच खोली आणि त्या खोलीत मम्मीच्या साड्या. मम्मी साड्यांना फॉल लावायची. लोकांच्या लग्नाच्या, बारशाच्या साड्या आमच्या पलंगावर पसरलेल्या असायच्या आणि त्यांच्याजवळ पेन घेऊन फिरकायचं नाही, अशी आम्हाला ताकीद होती. पप्पा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होते. अर्ध्या पवईच्या लिफ्टा त्यांना ओळखायच्या. जालन्याकडून ते लग्नाआधीच मुंबईला आलेले. धाकटी निशू तिसरीत होती. तिचा अभ्यास म्हणजे माझ्या शेजारी पाइपावर बसून पाय हलवणं.

पाइपलाइनच्या कडेची घरं उठवणार, हे मी जन्मल्यापासून ऐकत होते. त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. त्या वर्षी संक्रांतीनंतर खरंच उठवली. माझी शाळेतली पूर्वपरीक्षा नुकतीच संपली होती. मी घरी आले तर पप्पा भरदिवसा घरी होते, आणि ते आमच्या पत्र्याचे स्क्रू एकेक करून काढत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पुस्तकं आधी भर, बाळा. भांडी राहू दे." शेजारच्या रमाकाकू रडत होत्या, कुणी शिव्या देत होतं, पण पप्पा शांतपणे स्क्रू काढत राहिले, जसे एखाद्या अडकलेल्या लिफ्टचे काढावेत.

माहुलला आम्हाला घर मिळालं. पक्कं घर, सहाव्या मजल्यावर. आतच नळ, आतच संडास. मम्मीने पहिल्या दिवशी नळ सोडला आणि नुसती बघत राहिली. निशूने लिफ्टमधून वर-खाली फेऱ्या मारल्या, तेवढ्यात ती लिफ्ट बंद पडली आणि पप्पांनीच ती चालू केली. आम्ही हसलो. मग संध्याकाळी वारा फिरला आणि वास आला. पलीकडे तेलशुद्धीचे कारखाने, त्यांच्या चिमण्या आमच्या खिडकीतून दिसायच्या. तो वास नाकातून घशात उतरायचा. पहिल्या आठवड्यात निशूला खोकला लागला. मम्मीने खिडक्या लावून घेतल्या आणि मग बंद घरात ती दिवसा दिवा लावून फॉल लावू लागली.

माझी शाळा मात्र मुलुंडला. परीक्षेचं केंद्रही मुलुंडला. माहुलहून तिथे पोचायचं म्हणजे आधी बस, मग गाडी, मग पुन्हा गाडी बदलायची, आणि बस कधी येईल त्याचा भरवसा नाही. दोनदा मी शाळेत पोचले तेव्हा मधली सुट्टी झाली होती. बाईंनी विचारलं, "काय गं प्रज्ञा, शेवटच्या महिन्यात असं?" मी दप्तरातून वही काढली. माझ्या बाकावर गौरी बसायची, पाचवीपासून. ती घरी जाऊन बोलली असावी, कारण दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा मम्मीला फोन आला.

"प्रज्ञाची आई ना? मी गौरीची आई. अहो, परीक्षा संपेपर्यंत तिला आमच्याकडे राहू दे."

"नको नको, तुम्हाला कशाला त्रास," मम्मी म्हणाली.

"त्रास कसला? दोघी मिळून अभ्यास करतील. विचार करून सांगा."

फोन ठेवून मम्मी पप्पांना म्हणाली, "वयात आलेली पोरगी परक्या घरी ठेवायची? लोक काय म्हणतील?"

पप्पा खोकणाऱ्या निशूच्या पाठीवरून हात फिरवत होते. "लोक कुठं राहिले आता," ते म्हणाले. "सगळे पांगले. जाऊ दे तिला."

मम्मीने माझी बॅग भरली. मी मुलुंडला पोचून ती उघडली तेव्हा कपड्यांच्या खाली एक स्टीलचं ताट, वाटी आणि पेला निघाला. आमच्या घरातला. मला लगेच कळलं ते का ठेवलंय. मम्मी लहानपणी गावात कुणाच्या तरी पडवीत बसून जेवली होती, वेगळ्या ताटात, आणि ते ताट तिनेच धुवून उलटं ठेवायचं असायचं. ते ती आम्हाला कधी रंगवून सांगायची नाही, पण तिने सांगितलं होतं. आपल्या पोरीला कुणी वेगळं ताट द्यायच्या आत आपणच दिलेलं बरं, असा तिचा हिशेब असणार.

गौरीची आई, म्हणजे काकू, दारात उभ्या होत्या. त्यांनी ताट पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला. क्षणभर मला वाटलं, आता या काहीतरी मोठं बोलणार, आणि मला ते नको होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आण इकडे," आणि ताट-वाटी-पेला नेऊन मांडणीत इतर भांड्यांमध्ये खोचून टाकला. तीन-चार दिवसांनी जेवताना ते ताट गौरीच्या बाबांच्या पुढे आलं. "हे नवीन का गं?" त्यांनी काकूंना विचारलं. "चांगलं खोलगट आहे. आमटी पळत नाही." काकू हसल्या नाहीत, मीही हसले नाही, पण माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं आणि मी पहिल्यांदा त्या घरात दुसऱ्यांदा भात मागितला.

त्या घराबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. ते काही श्रीमंत घर नव्हतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, जुन्या सोसायटीत, भिंतीला ओल. काका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, काकू विमा कार्यालयात जायच्या. पण बाहेरच्या खोलीत आजोबांचा पदवीच्या झग्यातला फोटो होता, आणि आजीचाही होता. आजीचासुद्धा! मी त्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिले होते. माझी आजी सहीच्या जागी अंगठा उठवायची.

आम्ही दोघी एकाच मराठी शाळेत, एकाच बाकावर. पण गौरीच्या आईबाबांनी ती शाळा निवडली होती. मुलांनी मातृभाषेत शिकावं, असं त्यांचं मत होतं, आणि इंग्रजीसाठी घरी शिकवणीच्या बाई यायच्या. माझ्या आईबाबांचं त्याबद्दल काहीच मत नव्हतं. ती शाळा आम्हाला परवडायची आणि ती मला घेत होती. बाकाच्या अर्ध्या भागावर मत बसलं होतं आणि अर्ध्या भागावर नाइलाज, आणि वर्गात आमचे मार्क सारखेच पडत होते. त्यामुळे मला वाटायचं, आम्ही सारख्याच आहोत.

तिच्या घरी जेवायला बसल्यावर कळलं, तसं नाही. तिथे वरण-भाताबरोबर माहिती वाढली जायची. गणिताचं उत्तर चुकलं तरी पायऱ्यांना मार्क असतात, म्हणून खाडाखोड करू नका, काका म्हणायचे. सायन्सला गेलीस की गणित घ्यायचं की जीवशास्त्र, यावर वाद व्हायचा. कुणाचा भाऊ काय शिकतो, कुणाची मुलगी कुठे लागली, हे सगळं आमटी वाढता वाढता. एकदा काका सहज म्हणाले, "आमच्या मीनलने डोळे तपासायचा कोर्स केला. चार वर्षांचा. बरं चाललंय तिचं." एवढंच. गौरीने मान वर करून पाहिलंही नाही. मी मात्र घास हातात धरून ऐकत राहिले. डॉक्टर आणि नर्स यांच्या मधेही काहीतरी असतं, हे मला माहीतच नव्हतं. मला ते कोण सांगणार होतं? पप्पांना लिफ्टचं सगळं माहीत होतं, मम्मीला कापडाचं. माझ्यासाठी दोघांनी जीव दिला असता. पण जे ठाऊक नाही ते देणार कुठून? आज माझं जे काही बरंवाईट चाललंय, ते त्या एका जेवणात कानावर पडलेल्या वाक्यावर उभं आहे. मी त्या रात्री वेगळ्या घरी जेवत असते तर?

सगळंच गोड नव्हतं. एका रविवारी गौरीची आत्या आली. ठाण्याला राहायची, मोठ्याने बोलायची. माझं नाव-गाव विचारून झालं, आडनाव विचारून झालं, मग चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "तुला गं काय टेन्शन? तुम्हाला सवलत असते. काळजी आमच्या गौरीला." ती हसली. वाईट हेतूने बोलली नसेल. काकांनी पेपर वर घेतला. काकू म्हणाल्या, "वन्सं, पोहे घ्या ना अजून." गौरीचे कान लाल झाले, पण ती पंधरा वर्षांची पोर, आत्यासमोर काय बोलणार?  उत्तर मला कितीतरी वर्षांनी सुचलं, एकटी रिक्षात बसले असताना. भिंतीवर पदवीच्या झग्यातले आजी-आजोबा, घरात शिकवणारा बाप, जेवणात वाढलेली माहिती, अभ्यासासाठी बंद होणारं दार. हे सगळं होतंच की गौरीला. त्याला कुणी सवलत म्हणत नाही, एवढाच फरक.

पण हे उत्तरही पुरं नाही, हे मला त्याच मार्चात कळलं होतं. बीजगणिताचा पेपर बरा गेला होता. भूमितीच्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून आले तर गौरी पलंगावर बसली होती, एका पायात बूट. दुसरा हातात.

"चल ना," मी म्हणाले.

"मला काही आठवत नाहीये."

"कुणालाच आठवत नाही. पेपर बघितला की आठवतं."

"नाही गं. काहीच नाही. त्रिकोणसुद्धा नाही." तिचे दात वाजत होते. बाहेर एवढं ऊन पडलेलं आणि तिला थंडी वाजत होती.

काकू आल्या, तिला जवळ घेतलं, पाणी पाजलं. काका आले. ते आधी रागावले, मग समजावू लागले, मग खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. गौरीने बूट खाली ठेवला आणि ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी तिच्या पायाशी बसले होते. तिच्या पायाला घाम आला होता. मला तिला सोडून जायचं नव्हतं आणि मला पेपर चुकवायचा नव्हता. दोन्ही एकदम, सारख्याच जोराने. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रज्ञा, तू नीघ. मी येतो फाटकापर्यंत." ते घरातल्या चपला घालूनच आले.  फाटकापाशी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शांतपणे लिही." 

पेपर कसा लिहिला ते मला आठवत नाही. परत जायची भीती आठवते. माझ्या डोळ्यांसमोर माझंच घर होतं. तिथे असं काही झालं असतं तर? माझ्या दहावीच्या वर्षी गावाकडचे मोठे काका येऊन सांगून गेले होते, "नीट पास झाली तर शिकवा. नाही तर एक चांगलं पोरगं आहे बघण्यात." मम्मीने त्यांना हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. म्हणून मला वाटत होतं, मुलुंडच्या त्या घरात आता रडारड चालू असेल, दार उघडायला कुणी येणार नाही.

दार काकूंनीच उघडलं. ऑफिसला दांडी मारली होती. आत त्या मटार सोलत होत्या. गौरी झोपली होती, शांत, तोंड उघडं टाकून.

"कसा गेला?" त्यांनी मला विचारलं.

"बरा. काकू, आता गौरीचं काय?"

"काय म्हणजे? जुलैत देईल. नाही जमलं तर पुढच्या वर्षी. तिच्या आत्याचंही एक वर्ष गेलं होतं, कुणाला आठवतंय आता?" त्यांचे डोळे सुजलेले होते, त्या रडल्या होत्या हे दिसत होतं. पण त्या मटार सोलत होत्या. "तिला चांगल्या माणसाकडे नेऊन आणू. घाबरलीये बिचारी. हातपाय धुवून ये, जेवून घे."

मी मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. गौरीसाठी नव्हे. मला राग आला होता. इतका राग मला आमचं घर पाडलं तेव्हाही आला नव्हता. आपण ज्या दोरीवरून जीव मुठीत धरून चाललोय, तीच दोरी, तेवढीच उंच. पण हिच्या खाली गादी आहे आणि ती गादी सगळ्यांना माहीत आहे. आम्ही सारख्या नव्हतो. पास होण्यात सारख्या होतो. नापास होण्यात नव्हतो.

पुढच्या पेपरच्या आधी एक दिवस मोकळा होता, तेव्हा मी माहुलला जाऊन आले. मम्मी बंद खिडकीपाशी एका शेवाळी रंगाच्या साडीला फॉल लावत होती. "कशाला आलीस अभ्यास टाकून?" म्हणाली आणि लगेच माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. निशूचा खोकला जरा कमी होता. मी मम्मीला गौरीचं सांगितलं. तिच्या हातातली सुई थांबली.

"पेपरच दिला नाही? अगं बाई. मग आता त्या पोरीचं कसं?"

"काही नाही. जुलैत देईल."

"घरच्यांनी मारलंबिरलं नाही?"

"नाही. झोपू दिलं तिला."

 सुई कापडात गेली, वर आली, गेली, वर आली. मग ती म्हणाली, "बरंय." थोड्या वेळाने म्हणाली, "तू मात्र..." आणि पुढचं वाक्य तिने दोऱ्याबरोबर दाताने तोडलं. ते काय होतं ते मला माहीत होतं. तिला मला घाबरवायचं नव्हतं. तिच्याकडे मला द्यायला दुसरं काही नव्हतं.

मी पास झाले, चांगली झाले. निकालाच्या आधी, चौदा एप्रिलला, आम्ही सगळे माहुलहून मुद्दाम भांडुपला गेलो होतो, जयंतीच्या मिरवणुकीला. पांगलेली माणसं तिथे पुन्हा एका ठिकाणी आली होती, आमच्या रिकाम्या झालेल्या पाइपलाइनच्या कडेला निळे झेंडे लावले होते, आणि पप्पा ढोलापुढे असे नाचले की निशू लाजून माझ्यामागे लपली. निकाल लागला तेव्हा पप्पांनी कंपनीतल्या सगळ्यांना पेढे वाटले. गौरीने बाकीचे पेपर दिले होते, ती जुलैत भूमितीही पास झाली. आता पुण्याला वकिली करते, कोर्टात उभी राहून धडाधड बोलते. परवा फोनवर म्हणाली, "यार, अजूनही मार्चमध्ये थंडी वाजते मला." मी तिला म्हटलं, माझ्या पोटात गोळा येतो. आम्ही दोघी खूप हसलो.

माहुल सुटायला वर्षं गेली. माझी नोकरी लागली, पप्पा सुपरवायझर झाले आणि आम्ही भांडुपला भाड्याने घर घेतलं, स्टेशनच्या अलीकडे. खिडक्या उघड्या राहतात. निशूचा खोकला गेला. ती सायन्सला गेली, स्वतःच्या हट्टाने, आणि गेल्या वर्षी बारावीला भौतिकशास्त्रात नापास झाली.

निकाल दुपारी लागला. मी दवाखान्यातून धावत आले तर निशू घरी नव्हती. ती जिन्यात बसली होती, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, गुडघ्यात डोकं घालून. मी तिच्याजवळ थांबले तर म्हणाली, "ताई, तू जा वर. प्लीज." मी दोन पायऱ्या वर चढले आणि कठड्याला धरून उभी राहिले.  आमच्या घरात हे पहिल्यांदाच होत होतं. मला पंधरा वर्षांची मी आठवत होते. मोठ्या काकांचं ते चांगलं पोरगं आठवत होतं.

वरून मम्मी उतरत आली. गुडघे दुखतात म्हणून भिंतीला धरत, एकेक पायरी. माझ्या बाजूने ती पुढे गेली आणि निशूच्या शेजारी पायरीवर बसली.

"किती कमी पडले?" तिने विचारलं.

निशूने सांगितलं.

"हं. मग परत दे."

"मला जुलैत नाही द्यायचा. मला भीती वाटते."

"मग पुढच्या वर्षी दे. तोवर थांब, काहीतरी शीक, झोप. आणि नाहीच जमलं तर दुसरं काही बघू. जगात काय एवढा एकच विषय आहे?" तिने निशूच्या कपाळावरचे केस मागे सारले. "चल, वर चल. भाकरी गार होतायत."

ती कुठे शिकली हे? मी कठडा धरून विचार करत होते. काकूंकडून? मी तिला त्या दिवसाबद्दल सांगितलं होतं खरं, पण नाही. हे कुणाकडून शिकण्यासारखं नसतंच. मम्मीला ते वाक्य तेव्हाही येत होतं. माहुलच्या बंद खिडकीपाशी मात्र तिच्या जिभेवर दुसरंच वाक्य आलं होतं, आणि तेही तिने दोऱ्याबरोबर तोडून टाकलं होतं. माया तेव्हाही तेवढीच होती. हे बोलायची ऐपत आता आली. घरात दोन पगार, डोक्यावर न हलणारं छप्पर, विचारायला एक थोरली बहीण. एवढं जमायला आमच्या घराला दोन पिढ्या लागल्या, आणि एवढं सगळं करून आम्ही काय कमावलं? तर आमच्यातलं एक लेकरू नापास होऊ शकतं आणि तरी दुपारी सगळ्यांबरोबर जेवायला बसू शकतं. मी त्या जिन्यात उभी राहून हसले. निशूला वाटलं मी तिला हसतेय. "काय गं ताई!" ती चिडून म्हणाली, आणि तिच्या आवाजात रडणं नव्हतं, नुसती चीड होती.

तिने वर्षभर खरंच सावकाश घेतलं. एका इलेक्ट्रिकच्या दुकानात बसली, पप्पांबरोबर दोन-चारदा लिफ्टच्या खोल्यांमध्ये जाऊन आली, दुपारी लोळली. मोठे काका गावाहून फोनवर म्हणाले, "एवढं ढिलं सोडू नका पोरीला." पप्पा म्हणाले, "राहू द्या दादा, तिचा पेपर आहे पुढच्या वर्षी." आणि विषय बदलून पावसापाण्याचं विचारलं.

या आठवड्यात तिचा तो पेपर होता. मी अर्धी सुट्टी काढून फाटकापाशी गेले. ऊन रणरणत होतं, पाण्याच्या बाटल्या घेऊन पालक सावली शोधत उभे होते. एक आई सारखी पदराने मान पुसत होती. तिला मी माझ्याजवळची छत्री धरली, तर म्हणाली, "मुलगी पहिली आहे हो आमच्याकडे बारावीला बसणारी." मी म्हटलं, "होईल नीट." आणि मनात म्हटलं, हिच्या घरी नीट नाही झालं तर? तिच्या मुलीच्या खाली काय असेल? हे मला ठाऊक नव्हतं. आमचं सुटलं म्हणून सगळ्यांचं सुटलं, असं थोडंच असतं.

घंटा झाली. पोरं बाहेर आली, एकमेकांची उत्तरं ताडत, कुणी हसत, कुणी रडवेलं. निशू सगळ्यांत शेवटी आली, रमतगमत, ओढणीने वारा घेत.

"काय गं?"

"दोन प्रश्न सोडले. बाकी लिहिलं."

"मग?"

"मग काय? भूक लागलीये."

तेवढ्यात मम्मीचा फोन आला. "सुटली का?"

"सुटली. दोन प्रश्न राहिले म्हणते."

"राहू देत," मम्मी म्हणाली. "येताना कोथिंबीर आणा. आणि उन्हातून चालत येऊ नका, रिक्षा करा."

निशू माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणाली? ओरडली?"

"कोथिंबीर सांगितलीये," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी बाजाराच्या रस्त्याला लागलो.